नालेचा खिळा आणि एक होकार

येणारे विचारतात ते

धनुर्वातातून वाचलेला माणूस बघायला अजूनही कोणी ना कोणी आमच्या तबेल्यावर येतं. छावणीच्या पलीकडं, पडेगावच्या अंगाला पत्र्याचं छप्पर, चार घोडे आणि उड्या मारायचं एक मैदान, एवढाच आमचा पसारा. येणारा आधी माझ्या गळ्यावरची भोकाची खूण बघतो. मग विचारतो, "रिसालदारसाहेब, लई दुखलं असंल?" मी व्हय म्हणतो. तेवढ्यावर त्याचं समाधान होतं आणि तो चहा पिऊन जातो.

खरं दुखलं ते वेगळंच. ते माझ्या बायकोशिवाय कोणाला ठाऊक नाही. इथं ते लिहिणार आहे, पण आधी आजार लिहितो. घोड्यांत, गुरांत, मातीत वावरणाऱ्या माणसांनी तो वाचला तर एखाद्याचा जीव वाचेल.

अठ्ठावीस खिळे

मी घोडदळात अठ्ठावीस वर्षं काढली. त्यातली वीस वर्षं शो जंपिंग केलं. म्हणजे मैदानात लावलेले दांड्यांचे अडथळे नेमून दिलेल्या क्रमानं आणि नेमून दिलेल्या वेळात घोड्यावरून ओलांडायचे. दांडी पडली की गुण गेले. निवृत्तीनंतर पोरांना हेच शिकवायला लागलो. त्यांतली सगळ्यात चांगली निघाली ती माझीच मुलगी वैजयंता. घरात वैजू.

ती बावीस वर्षांची होती तेव्हाची ही गोष्ट. दिल्लीची राष्ट्रीय स्पर्धा महिन्यावर आली होती. वैजूचा घोडा मुन्शी. तांबूस रंगाचा, अंगानं मजबूत. अडथळ्यासमोर आणला की मान खाली घालून एकेक दांडी अशी न्याहाळायचा, की याला कचेरीत बसवावं. म्हणून नाव मुन्शी पडलं. तो चौदा वर्षांचा झाला होता. पुढच्या साली त्याच्याकडून एवढ्या उंच उड्या होणार नव्हत्या, हे मला आणि वैजूला दोघांनाही कळत होतं. जे काय व्हायचं ते याच साली.

त्या सकाळी नालबंद आला. घोड्याच्या एका पायाला सात खिळे, म्हणजे चार पायांचे अठ्ठावीस. जुनी नाल काढली की जुने खिळे डब्यात टाकायचे आणि नालबंद जायच्या आधी मोजायचे. फौजेतली ही शिस्त मी कधी मोडली नव्हती. पण त्याच वेळी जनावरांचे डॉक्टर आले, मुन्शीचं दर सालचं धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला. मी मुन्शीचं डोकं धरून उभा राहिलो. सुई टोचून झाल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, "तुमचं झालंय का हो कधी?"

"मी काय घोडा हाय व्हय?" मी म्हणालो. सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त हसलो. त्या हसण्यात खिळे मोजायचे राहिले.

दुपारी झिजल्या चपलेतून एक खिळा माझ्या उजव्या तळव्यात घुसला. बोटाच्या एका पेराएवढा आत. पक्कड घेऊन ओढून काढला, हळद-तेल लावलं, चिंधी बांधली आणि वरून बूट चढवला. आमचे रफीकभाई, वीस वर्षांपासून घोड्यांची खिदमत करणारे, तिथंच उभे होते.

"साब, सुई ले लो," ते म्हणाले.

"कायकू? कुछ नै हुआ. वैजूला बोलायचं नाय."

वैजूला कळलं असतं तर तिनं मला ओढत दवाखान्यात नेलं असतं. डॉक्टरनं चार दिवस पाय टेकू नका म्हटलं असतं. आणि त्या महिन्यातला एक दिवसही मला सोडायचा नव्हता.

माझा नियम

आमचं घर मूळ सोयगाव तालुक्यातलं, मेंढरं पाळणारं. सांजच्याला कळप बसला की बाप एकेक मेंढराचा पाय हातात घ्यायचा आणि खुर चाचपायचा. हे रोजचं. एकाच्या जरी खुरात काटा निघाला, सूज निघाली, तर दुसऱ्या दिवशी कळप हलायचा नाही. पोरपणी मला त्याचा राग यायचा. एवढ्या दीडशे मेंढरांनी एकापायी का थांबायचं? बाप म्हणायचा, "लंगड्याच्या चालीनं कळप चालतो, बाबा."

फौजेत मी याच्या उलटं शिकलो. मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर डॉक्टरसमोर दुखतंय म्हटलं की नाव कटायचं आणि तुमच्या घोड्यावर दुसरा बसायचा. म्हणून आम्ही सगळे लपवायचो. एकदा दोन फासळ्यांना चीर गेलेली असताना सोबत्याकडून छातीला घट्ट पट्टा बांधून घेतला आणि राष्ट्रीय स्पर्धेत उतरलो. तिसरा आलो. आयुष्यात तेवढंच. पहिला कधी आलो नाही.

पोरांना मी स्पर्धेची जी तयारी शिकवली ती वाईट नव्हती, आजही तीच शिकवतो. शेवटच्या दहा दिवसांत काही नवं करायचं नाही. नवा लगाम नको, नवं खोगीर नको, घोड्याच्या चंदीत दाण्याचा बदल नको. तीन दिवस आधीपासून उंच उड्या बंद. घोड्याला उडी येते का हे त्याला विचारायची ती वेळ नव्हे. मैदान चालून बघायला मिळतं तेव्हा तीनदा चालायचं. एकदा नुसतं डोळ्यानं बघत, एकदा दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजत, आणि तिसऱ्यांदा घोड्याच्या डोळ्यानं, म्हणजे ऊन कुठून येतंय, सावली कुठं पडलीय, झेंडा कुठं फडफडतोय ते बघत. मग तिथून सरळ तबेल्यात यायचं आणि गप्पांच्या घोळक्यात उभं राहायचं नाही.

एवढं सांगून झालं की मी शेवटचं सांगायचो. दुखणं पोटात ठेवायचं. घोड्याला कळलं तेवढं पुरे, डॉक्टरला कळायची गरज नाही. पोरं हसायची आणि ध्यानात ठेवायची. वैजू तर माझ्या मांडीवर बसायची तेव्हापासून हे ऐकत आली होती.

दाढ

नवव्या दिवशी सकाळी भाकरीचा घास तोंडात जाईना.

"अवो, तोंड का उघडंना तुमचं?" बायको म्हणाली.

"दाढ धरलीय."

शहरात दातांच्या डॉक्टरकडं गेलो. तरुण होता, पण मन लावून बघणारा. बारका चमचा दातांच्या फटीत घालायचा प्रयत्न केला, तो जाईना. मग त्यानं हातातलं सगळं खाली ठेवलं आणि माझ्याकडं तोंड करून विचारलं, "काका, महिन्याभरात कुठं जखम झाली होती का? खिळा, काच, काटा, काहीही?"

"नाय," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

मला विचार करावा लागला नाही. डॉक्टरनं विचारलं की नाय म्हणायचं, ही जिभेला पडलेली सवय. त्यानं दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि मान ताठरली तर एक क्षण थांबू नका, मोठ्या दवाखान्यात जा, असं दोनदा बजावलं. त्या पोराची तसूभर चूक नव्हती. खोटं मी बोललो.

बादली

दुसऱ्या दिवशी पाठ फळीसारखी झाली होती. तरी तबेल्यावर गेलो. वैजू मुन्शीला फिरवत होती. रफीकभाईंच्या हातून पाण्याची बादली सुटून फरशीवर आदळली, आणि त्या आवाजासरशी माझं सगळं अंग एकदम आवळलं. मान मागं ओढली गेली, दात दातांवर बसले, श्वास घेता येईना. किती वेळ ते ठाऊक नाही. सुटलं तेव्हा मी मुन्शीच्या खुंट्याजवळ आडवा होतो आणि वैजू अण्णा अण्णा करत माझी छाती चोळत होती.

रफीकभाई धावत आले नाहीत. ते हळूच आले, पाऊल न वाजवता. माझ्या गालाला बोट लावून बघितलं, मानेला लावून बघितलं.

"बेटी, ये दाँत का नै है," ते अगदी हळू म्हणाले. "ये घोड़े का रोग है. मैं एक घोड़ी को इसमें मरते देख्या. आवाज हुई की ऐसीच अकड़ती थी." मग माझ्याकडं न बघता त्यांनी सांगून टाकलं. "साब के पाँव में खिळा घुस्या था. मेरेकू बोलने नै दिये."

मी डोळे वटारले. गप्प बसा म्हणायला तोंड उघडलं पाहिजे होतं, ते उघडत नव्हतं.

वैजूनं माझा बूट काढला. तळव्यावरची जखम वरून बुजली होती, काळा ठिपका तेवढा राहिला होता. ती त्या ठिपक्याकडं बघत राहिली. "मला का नाय सांगितलं, अण्णा?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी का सांगितलं नाही ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कसाबसा जबडा फाकवून एक चपटी काडी माझ्या घशाच्या मागच्या बाजूला लावली. माणसाला उमासा यायला पाहिजे. माझे दात त्या काडीवर कचकन मिटले, ती धनुर्वाताची खूण. बाई लगेच बायकोला बाहेर घेऊन गेल्या. दार लोटलं होतं, पण ऐकू येत होतं. "वाचतील का ते आज सांगत नाही. पुढचे दहा-बारा दिवस कसे जातात ते बघू."

आत येऊन बायकोनं माझे बूट पिशवीत भरले. ती रडली असती तर मला कमी भीती वाटली असती.

काळी खोली

धनुर्वाताच्या माणसाला उजेड चालत नाही, आवाज चालत नाही. खिडकीला काळी घोंगडी लावलेली, दाराबाहेर गप्प राहण्याची पाटी. तळव्याची जखम पुन्हा उघडून साफ केली. श्वास अडायला लागला तेव्हा गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि माझा आवाज गेला. श्वासाचं यंत्र तेवढं सारखं फुसफुसत असायचं. त्याची सवय झाली.

बाकी कशाची झाली नाही. बाहेर व्हरांड्यात कोणाच्या हातून चमचा पडला की माझी पाठ कमानीसारखी उचलायची, नुसत्या टाचा आणि टाळू गादीला टेकलेली. दाराची कडी वाजली की तेच. कोणी चादर सरळ केली की तेच. या आजारात शुद्ध हरपत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. येणारी प्रत्येक कळ तुम्ही पूर्ण जागेपणी भोगता आणि ती गेल्यावर पुढचीची वाट बघत पडून राहता. मी फौजेत मरणाला भ्यालो नव्हतो. इथं मला फुलपात्राची भीती वाटायची.

मन गुंतवायला मी डोक्यात उड्या मारायचो. डोळे मिटून मुन्शीवर बसायचो आणि दिल्लीचं मैदान चालायचो. आठ अडथळे, दहा अडथळे. पाण्यावरच्या उडीशी मुन्शी बुजायचा, तिथं त्याला डावीकडून घ्यायचं, म्हणजे पाण्यावरची चमक त्याच्या डोळ्यात जात नाही. माझ्या डोक्यात घोड्यावर मीच असायचो. वैजू नसायची. हे तेव्हा मला खटकलं नाही.

दया कुठून येईल सांगता येत नाही. एक पोक्त सिस्टर होत्या. सुई द्यायच्या आधी त्या माझ्या पायावर आपला तळहात नुसता ठेवायच्या आणि थांबायच्या. अंग निवलं की मग हळूच म्हणायच्या, "हात लावते हं." बुजऱ्या घोड्याजवळ असंच जायचं असतं. त्यांना कोणी शिकवलं ते मी कधी विचारू शकलो नाही.

आणि बायको. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या की मला झटका यायचा. दुसऱ्याच दिवशी तिनं त्या काढल्या. तिची भावजय लासूर स्टेशनहून भेटायला आली होती, ती दाराबाहेर कुजबुजली, "नवरा जिता असताना बांगड्या काढायल्यात, वन्सं? लोक काय म्हणतील?"

"त्यो जिता राहावा म्हणूनच काढायले," बायको म्हणाली.

तिनं मनगटाला पिवळा दोरा बांधला आणि अनवाणी यायला लागली. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. आता म्हणावंसं वाटत होतं तर गळ्यात नळी.

जाऊ ना?

पंधरा-सोळा दिवसांनी झटके विरळ झाले. गुंगीचं औषध कमी केलं. बोलायची सोय नव्हती, म्हणून बायकोनं एक युक्ती काढली. डोळे एकदा मिटले तर होय, दोनदा मिटले तर नाही. एवढ्यावर आमचं बरंच भागायचं. तहान लागली का, कूस बदलू का, पाय दाबू का.

मुन्शी ट्रकनं दिल्लीला निघायच्या आदल्या दिवशी वैजू आली. बायको तेवढ्यात औषधं आणायला गेली होती. खोलीत आम्ही दोघंच.

वैजूच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. काळ्या खोलीत काळा चष्मा. ती स्टुलावर बसली ती आधी भिंतीला हात लावून. मग माझ्या कानाशी येऊन हलक्या आवाजात बोलायला लागली. मुन्शीची चंदी, नाल, ट्रक, रफीकभाई सोबत आहेत, सगळं. मग म्हणाली, "अण्णा, पाण्याची उडी मुन्शीला कुठून घेऊ? डावीकडून?"

मी एकदा डोळे मिटले. तिनं मान हलवली. घरच्या चार गोष्टी सांगितल्या. नंतर परत माझ्या कानाशी वाकली.

"अण्णा, पाण्याची उडी मुन्शीला कुठून घेऊ? डावीकडून?"

तोच प्रश्न, त्याच शब्दांत. आधी विचारल्याचं तिला ठाऊकच नव्हतं.

पडून डोक्याला मार बसलेले स्वार मी फौजेत डझनानं बघितले होते. उजेड सोसत नाही, तोल जातो, तेच तेच विचारतात. अशा माणसाला पंधरा दिवस घोड्यावर बसू द्यायचं नसतं, कारण पहिला मार माणूस काढतो, त्यावर बसलेला दुसरा काढत नाही. हे मला माझ्या नावासारखं पाठ होतं. माझ्या मुलीला मार लागला होता आणि ती माझ्याच नियमानं तो पोटात ठेवून बसली होती. त्या स्टुलावर ती बसली असताना मला हे सगळं स्वच्छ कळलं.

निघताना ती उभी राहिली. बायको दारात आली होती. वैजूनं विचारलं, "जाऊ ना, अण्णा?"

मला बोलता येत नव्हतं हे खरं. हात उचलता येत नव्हता हेही खरं. पण डोळे मिटता येत होते. दोनदा मिटले असते तर बायकोनं तिला तिथंच अडवली असती, कारण का, कशासाठी हे विचारत बसणारी ती बाई नव्हे. दोनदा. एवढंच काम होतं.

मुन्शीचं शेवटचं साल होतं. आमच्या घरात पहिलं बक्षीस कधी आलं नव्हतं. मला ते पाहिजे होतं. पोरीसाठी पाहिजे होतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगून बघितलं, पण ते खोटं आहे. मला माझ्यासाठी पाहिजे होतं.

मी एकदा डोळे मिटले.

"बघ, अण्णा व्हय म्हणायलेत," वैजू आईला म्हणाली. ती हसली आणि भिंत धरत बाहेर गेली.

दिल्ली

मग बायको यायची बंद झाली. तिचा भाऊ माझ्याजवळ बसायला लागला. "ताई दिल्लीला गेलीय, वैजूचं कौतुक बघायला," तो म्हणाला आणि घोंगडी लावलेल्या खिडकीकडं बघत राहिला. घोंगडीत बघण्यासारखं काय असतं? मी काही विचारू शकत नव्हतो आणि तो काही सांगत नव्हता. हे अठरा दिवस चाललं. धनुर्वाताचे झटके त्या मानानं सोपे होते.

गळ्याची नळी निघाली, घोगरा आवाज परत आला, तेव्हा रफीकभाई दिल्लीहून येऊन माझ्या खाटेशी उभे राहिले. पहिल्या दिवशी वैजूनं एकही दांडी पाडली नव्हती. दुसऱ्या दिवशी पाचव्या अडथळ्यानंतर तिला उजवीकडं वळायचं होतं, ती डावीकडं वळली. "बेटी रास्ता भूल गई, साब." चूक ध्यानात आल्यावर तिनं मुन्शीला एकदम ओढला. तो अडखळला आणि दोघं दांड्यांवर कोसळले. तिचं डोकं अडथळ्याच्या लाकडी खांबावर आपटलं. स्वारीची कडक टोपी होती. टोपी होती म्हणून जिवंत राहिली.

दवाखान्यात मला भेटायला यायच्या दोन दिवस आधी ती तबेल्याच्या मैदानावर पडली होती, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मिनिटभर डोळे उघडले नव्हते. तिनं त्यांना मुन्शीच्या मानेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. "आपका बोल दिया मैं, साब. बेटी का नै बोल्या." ते रडले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही बोलला असतात तरी फरक पडला नसता, मला ठाऊकच होतं, एवढं त्यांना सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. आज ते हे वाचून घेतील कोणाकडून तरी.

घरी

झटक्यांनी माझ्या पाठीचे दोन मणके दबले. मी दीड इंच बुटका झालो. घोड्यावर परत बसलो नाही. पायाला चालायचं नव्यानं शिकवावं लागलं, वर्ष गेलं.

आणखी एक, हे नीट वाचा. धनुर्वात एकदा होऊन गेला म्हणजे परत होत नाही असं काही नसतं. बरं झाल्यावरही इंजेक्शनं घ्यावीच लागतात. मी घेतली. आता मुन्शीला सुई टोचतात त्या दिवशी आमच्या इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या घेऊन मी, बायको, रफीकभाई, आम्हीही दवाखान्यात जातो आणि आमचं कोणाचं राहिलंय का ते विचारून घेतो. कोणी हसत नाही.

वैजू दिल्लीहून आली ती दोन महिन्यांनी. तिला चालता येतं. बोलते, जरा सावकाश. उजव्या हातात जोर नाही. जुनं सगळं आठवतं. मुन्शी पहिल्यांदा आणला तो दिवस, सोयगावकडच्या आजाची मेंढरं, सगळं. नवं काही टिकत नाही. सकाळचं दुपारी जातं. काळ्या खोलीत ती मला भेटायला आली होती, तेही तिला आठवत नाही.

कुठं दुखतंय?

तबेल्यावर आता दुसरा नियम आहे. घोड्यावर बसायच्या आधी प्रत्येक पोरानं कुठं दुखतंय ते सांगायचं. विचारायचं काम वैजूचं. ती मैदानाच्या फाटकाशी उभी राहते आणि येणाऱ्याला विचारते, "कुठं दुखतंय?" पोरगं म्हणतं, कुठं नाही, ताई. ती सोडते. जरा वेळानं तेच पोरगं दिसलं की परत विचारते, कारण आधी विचारल्याचं तिला ठाऊक नसतं. पोरं चिडत नाहीत. आणि मी बघितलंय, तिसऱ्यांदा विचारलं की पुष्कळ पोरं खरं सांगतात. मनगट मुरगळलंय. काल पडलो होतो. घरी सांगितलं नाही.

ती मलाही विचारते.

पहिल्यांदा तिनं विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. काळा चष्मा, दोनदा विचारलेला प्रश्न, माझा होकार. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मला जायचंच होतं, अण्णा." मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी तिला काही आठवत नव्हतं. तिनं दिलेली माफीसुद्धा नाही. मग तिनं विचारल्यावर मी परत सांगितलं. त्या दिवशी ती रडली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा जेवणाचं ताट सरकवून उठून गेली. चौथ्यांदा सांगताना बायको मागं घासाची पेंढी घेऊन उभी होती. तिनं हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी बायकोनं सगळ्या घोड्यांपुढं घास टाकला. मग म्हणाली, "तुमचं वझं उतरवायला लेकराला रोज घोड्यावरून पाडायलात का?"

दुसऱ्या दिवसापासून मी सांगायचं बंद केलं आणि हे लिहायला घेतलं. कुठंतरी ते एकदाच सांगून कायमचं राहायला पाहिजे होतं.

मुन्शी आता म्हातारा झालाय, नुसता उभा असतो. सांजच्याला मी त्याच्याजवळ पोत्यावर टेकतो. वैजू येते आणि विचारते, "अण्णा, कुठं दुखतंय?"

"तळव्यात," मी म्हणतो. तेही खोटं नाही, थंडीत ठणकतं.

ती खाली बसते. माझी चपल काढते, उजवा पाय मांडीवर घेते आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं तळवा चाचपायला लागते. टाचेपासून बोटांपर्यंत, सावकाश, एकही जागा न सोडता. खिळ्याची खूण केव्हाच बुजली. ती वाकून वाकून बघते.

"काहीच तर नाय, अण्णा," ती म्हणते, आणि परत पहिल्यापासून चाचपायला लागते.